धुऱ्यावरचा हात

श्री

हे मृत्युपत्र मी, मनकर्णा, कैलासवासी सूर्यभान यांची बायको, धंदा शेती, राहणार मौजे सावरखेड, परगणे अकोट, प्रांत वऱ्हाड, लिहून ठेवते. वय साठीच्या आतबाहेर. ज्या साली नदीच्या पुरात वांग्याची वाडी वाहून गेली त्या साली मी जन्मले, असे आई सांगत असे. तो पूर कोणत्या साली आला हे सांगणारे आता कोणी उरले नाही. माझी छाती भरून येते, अंगणापर्यंत चालले की बसावे लागते, आणि वैद्यांनी नाडी पाहून तोंड फिरवले त्यावरून मला काय ते समजले. मात्र डोके ठिकाणावर आहे. हे मला कोणी पढवलेले नाही, कोणी धाक घातलेला नाही. धाक घालायला एक जण आले होते, त्यांचे नाव पुढे येईल.

लिहिणार वामनराव कुलकर्णी. मी बोलते, ते लिहितात. माझी वऱ्हाडी त्यांच्या लेखणीतून आंघोळ करून, सोवळे नेसून बाहेर पडते. त्याला माझी हरकत नाही. परंतु मी 'दगड' म्हटले तिथे त्यांनी 'शिला' लिहिले होते, ते वाचून घेऊन मी खोडायला लावले. ज्याच्यावर माझ्या सासूने गोधड्या वाळवल्या त्याला शिला म्हणायला माझी जीभ वळत नाही.

कलम पहिले. राहते घर सासरचे आहे. त्यावर माझा हक्क राहण्यापुरता होता, तो माझ्याबरोबर संपेल आणि घर माझे दीर भगवंतराव यांच्याकडे जाईल. घराची उत्तरेची भिंत त्यांच्याच गोठ्याच्या पाण्याने खचली आहे, हे मी वर्षानुवर्षे सांगत आले आणि त्यांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडले. आता ती भिंत त्यांची होईल. मग ऐकू येईल.

कलम दुसरे. भांडीकुंडी, जाते, तांब्याचा हंडा, माझी दोन लुगडी आणि ठेवणीतली पोत माझी सून शकुन हिला. दगडी उखळ जाऊबाई दुर्गाबाई यांना द्यावे असे लिहिण्याचे कारण नाही, कारण एका लग्नात मसाला कुटायला म्हणून नेलेले ते उखळ त्यांच्याच घरी आहे. त्यांनी ते ठेवावे. फक्त ते माझे होते एवढे कागदावर राहू द्या.

कलम तिसरे. काही शिल्लक एका गाडग्यात पुरून ठेवली आहे. जागा शकुनला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही, कारण हा कागद पुष्कळ जण वाचतील आणि घराची जमीन उगाच नांगरली जाईल. त्यातून आधी यंदाच्या वेचणाऱ्या बायांची मजुरी द्यावी. मी मेले तरी त्यांचे पोट थांबत नाही. उरेल ते शकुनचे.

कलम चौथे. शकुनविषयी आधी लिहिते, म्हणजे पुढचे समजेल. माझा एकुलता एक मुलगा देवीदास पटकीच्या साथीत गेला. सकाळी औत घेऊन गेला, दिवस मावळायच्या आत सगळे आटोपले. शकुन त्याची बायको, चांदूर बाजारची लेक. तिचे हात तेव्हा चुड्याने नुकते भरलेले होते, ते मोकळे झाले. लेक म्हणून मी तिला घरात ठेवले असे लोक म्हणतात. खरे उलट आहे. मी खाटेवर पडले तेव्हा तिने मला लेकरासारखे सांभाळले. तिच्यासाठी पातूरच्या गोवर्धनने विचारले आहे. गोवर्धन बिजवर आहे, कापसाच्या गाड्या हाकतो, बैलाला पराणी टोचत नाही. मला तो पसंत आहे. शकुनला विचारले तर तिने चुलीत लाकूड सरकवले आणि म्हणाली, "माय, तुमचं पथ्य कोन करीन मंग?" नाही म्हणाली नाही.

विधवेचे दुसरे लग्न, ज्याला आम्ही पाट म्हणतो, हे आमच्या जातीत पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. परंतु सासरच्या कर्त्या पुरुषाने पंचांपुढे उभे राहून आपली हरकत नाही असे म्हटल्याशिवाय पाट लागत नाही. आमच्या घरात आता कर्ते पुरुष एकच, भगवंतराव. आणि ते नाही म्हणतात. कशाच्या जोरावर नाही म्हणतात, ते दगडाच्या कलमात येईल.

कलम पाचवे. नदीकडचे काळ्या मातीचे वावर माझ्या बापाने मला आंदण दिले. ते माझे स्वतःचे आहे, सासरच्या वाट्यातले नाही. ते मी शकुनला देते. ती सावरखेडात राहिली तरी तिचे, पाट लावून पातूरला गेली तरी तिचे. हे वाक्य वामनरावांनी जाड अक्षरात लिहावे. बैलजोडी आणि औतेही तिलाच.

कलम सहावे. आता त्या वावराच्या उत्तर धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, दगड.

मी लग्न होऊन आले तेव्हा तो कमरेइतका जमिनीवर होता. माथ्यावर सूर्य आणि चंद्र कोरलेले. त्यांच्याखाली एका खांबातून निघालेला बाईचा हात, कोपरात वळलेला, पंजा उघडा, मनगटात बांगड्या. गावात त्याला नुसते 'हात' म्हणत. वाटसरूला सांगत, हातापासून डावीकडे वळा. बैल त्याला अंग घासत, माणसे त्याच्या कडेवर विळ्याला धार लावत, आणि माझ्या सासूबाई पार्वताबाई नदीवरून येताना त्यावर गोधड्या टाकत. मी नवी नवरी. मला त्या हाताचे फार नवल वाटे. मी विचारले, हा कोणाचा हात? त्या म्हणाल्या, "बाईचा हाय. दिसत नाई का, बांगड्या हायेत तं." आणि गोधडी झटकून पुढे गेल्या. त्या घरात त्या हाताला तेवढाच अर्थ होता.

मग सातासमुद्रापलीकडे कोण्या मुलखात भाऊबंद एकमेकांवर उठले, तिथला कापूस निघेना, आणि विलायतेची नजर आमच्या मातीवर आली. अकोटचे व्यापारी असे सांगतात. माणसे तिकडे मरत होती आणि इकडे आमच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या लागत होत्या. ज्वारीच्या वावरातही कापसाची पऱ्हाटी उभी राहिली. घरच्या बाया वेचणीला पुरेनात. तेव्हा मेळघाटाच्या पायथ्याकडून वेचणाऱ्या बायांच्या टोळ्या येऊ लागल्या. आमच्याकडे आली त्या टोळीची म्होरकी तानुबाई.

पहिल्या वेचणीच्या दिवशी आम्ही सीतादही करतो. एका पऱ्हाटीच्या बुडाशी पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, दहीभात शिंपडायचा, पहिल्या बोंडाचा कापूस ओढून झाडाला गुंडाळायचा, मग वेचणीला हात घालायचा. तानुबाईला आमची जागा ठाऊक नव्हती. तिने धुऱ्यावरचा दगड पाहिला आणि मटकन खाली बसली. मला म्हणाली, "माय, तुमच्या वावरात तं सीतामाय सवताच उभी हाय. पाहा ना, हात बोंडाकडं गेला तिचा. वेचून राहिली थे."

मी इतकी वर्षे तो हात पाहत होते. उघडा पंजा, किंचित वळलेली बोटे. तानुबाईने सांगितले त्या क्षणी ती बोटे मला बोंडाला टेकायला निघालेली दिसली, आणि पुन्हा दुसरे काही दिसेचना. बायांनी त्या दगडी बांगड्यांना पहिला कापूस गुंडाळला, तळहातावर दहीभात ठेवला. त्या साली पीकही चांगले आले. झाले. पुढल्या साली चहूकडच्या टोळ्या येताना हाताला कापूस बांधून मग आपापल्या धन्याच्या वावरात शिरू लागल्या.

गोष्ट इथे थांबली नाही. एका अडत्याने आपल्या गाठींवर काळ्या रंगाने हात उमटवला. हाताचा कापूस म्हणजे माती न मिसळलेला, असा बाजारात बोलबाला झाला. ते पाहून दुसऱ्यानेही हात उमटवला आणि आत खुशाल माती भरली. मग दोघांचे अकोटच्या बाजारात भांडण, खरा हात कोणाचा. दगड बिचारा माझ्या धुऱ्यावर. पुढे मोजणीचे लोक साखळी घेऊन आले. त्यांना आयता दगड सापडला. त्यांनी त्याला चुना फासला, नकाशात खूण केली, आणि तो माझ्या हद्दीत आहे असे सांगून गेले. आता तो सरकारचा हात झाला. इथवर तुझे, पलीकडे दुसऱ्याचे.

कोणी त्या दगडाला छिन्नी लावली नव्हती. एक रेघ वाढली नव्हती की कमी झाली नव्हती. तोच हात, आणि जो समोर येईल तो आपले बोलणे त्याच्या तोंडी घालून जाई. मी धुऱ्यावर बसून याचे नवल करीत असे. काम सोडून बसते म्हणून पूर्वी सासूबाई रागवत असत. त्या असत्या तर या सगळ्याला हसल्या असत्या.

आता भगवंतराव. माझे धाकटे दीर. माणूस कष्टाळू, खोटा नाही, पण कापसाने त्यांना उंच केले आणि उंचावरून त्यांना मागचे दिसेनासे झाले. माडी बांधली, पागोटे बदलले. मग बाहेरगावचे एक शास्त्री बोलावले. शास्त्रीबोवांनी चुना खरवडला, दगड न्याहाळला आणि सांगितले की हा सतीचा हात आहे. बांगड्या म्हणजे अखंड सौभाग्य, सूर्यचंद्र म्हणजे ते असेतोवर तिची कीर्ती. भगवंतरावांचा चेहरा उजळला. त्यांनी ठरवून टाकले की ती सती आमच्याच कुळातली. कोणी सांगितले? कोणी नाही. माडीशेजारी देऊळ बांधायचे, दगड तिथे न्यायचा, असे बेत झाले. ते माझ्याकडे आले, खाटेपाशी बसले आणि म्हणाले, "वैनी, आपलं घर सतीचं हाय. आता आपल्या घरची सून पाट लावत नसते. लोक काय म्हनतीन?"

धाक घालायला आले होते असे मी वर लिहवले, ते हेच.

मी म्हटले, "भाऊजी, तुमची माय या घरात पाटानंच आली व्हती."

त्यांनी दाराकडे पाहिले, कोणी ऐकले तर नाही ना. म्हणाले, "थे दिवस गेले, वैनी."

तर मी हे या कागदात लिहून ठेवते, म्हणजे ते दिवस जाणार नाहीत. कैलासवासी पार्वताबाई, सूर्यभान व भगवंतराव यांच्या आई, पहिला नवरा वारल्यावर पाट लावून या घरात आल्या. त्यांनी हे घर उभे केले. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला हे ठाऊक आहे आणि कापसाला भाव आल्यापासून प्रत्येक जण विसरला आहे. सती समोर उभी असताना ज्या बाईने तिच्या हातावर गोधडी वाळवली, तिच्याच पोटी भगवंतराव जन्मले.

यंदा पहिल्या वेचणीच्या सकाळी भगवंतराव माणसे, पहारी आणि गाडी घेऊन दगड उपटायला आले. त्याच वेळी तानुबाईच्या बाया दह्याचे गाडगे घेऊन आल्या. बाया दगडाभोवती फतकल मारून बसल्या. माणसे पहारी टेकून उभी. बोंडे फुटून लोंबत होती, वाऱ्याने कापूस मातीत पडत होता आणि कोणी हलेना. शकुनच्या खांद्याचा आधार घेऊन मी तिथे पोचले. दोन्हीकडून बोलणे सुरू झाले. हे म्हणत सती, त्या म्हणत सीतामाय.

मी तानुबाईच्या बाजूची. मला तर खात्रीच होती. मी म्हटले, खणा. खाली काय आहे ते पाहू. वेचणारीच असणार, पायाशी टोपली असणार. आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "भाऊजी, खाली सती निंघाली तं दगड तुमाले देईन." असा शब्द फक्त आमच्यासारखे लोकच देतात, ज्यांनी दगडाचे नुसते जमिनीवरचे अंग पाहिलेले असते आणि ज्यांना वाटते आपण सगळा दगड ओळखतो.

खणले. एक चौकट निघाली, तीत पुरुष आणि बाई हात जोडून महादेवाच्या पिंडीसमोर बसलेली. आणखी खणले. दुसरी चौकट. आडवा पडलेला पुरुष, त्याच्या उशाशी बसलेली बाई, आणि दोघांभोवती वर वर जाणाऱ्या आगीच्या रेघा.

सतीच होती.

माणसांनी हात जोडले. शकुनची बोटे माझ्या दंडात रुतली, ती अजून रुतलेली वाटतात. मी भगवंतरावांकडे पाहिले. मला वाटले होते ते हसतील. ते हसले नाहीत. तेही घाबरले होते.

ती बाई बोटाएवढी. वरचा हात ऊनपावसाने, बैलांनी, विळ्यांनी गुळगुळीत झालेला. पण खालची ही बाई मातीने जपून ठेवली होती. नाक, कानातली कुडी, कपाळावरची बट, सगळे काल कोरल्यासारखे. तिचे डोळे उघडे होते. मी आयुष्यभर त्या मातीत पेरले आणि ती खाली अशी उघड्या डोळ्यांनी बसलेली होती. कोणाची लेक, कोणत्या गावाहून आली, तिला कोणी काही विचारले की नाही, तेव्हा या गावाला सावरखेड म्हणत होते की नाही, काही म्हणजे काही कळायला मार्ग नाही. मी पुष्कळ देव पाहिले, यात्रा केल्या. पण असे माझ्या छातीत कधी झाले नव्हते. मला हात जोडायचेही सुचले नाही.

तानुबाई उठली. खड्ड्यात उतरली. पदराने त्या बाईच्या तोंडावरची माती पुसली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मग वर येऊन तिने पहिल्या बोंडाचा कापूस ओढला आणि, जशी दरसाल गुंडाळते तशी, हातावरच्या बांगड्यांना गुंडाळू लागली. भगवंतरावांच्या माणसांपैकी एक म्हणाला, बाई, ही सीतामाय नाही, सती आहे. तानुबाई थांबली नाही. म्हणाली, "मंग तं तिलेच पयला मान. तिची वेचनी राह्यली असंन ना, बाप्पा. मंधातूनच उठून गेली असंन."

भगवंतरावांनी तिला अडवले नाही. दगड तसाच खड्ड्यात तिरपा, लाकडी बल्ल्यांच्या आधाराने उभा आहे. शब्दाप्रमाणे तो आपला झाला असे भगवंतराव मानतात, आणि दगड आपला म्हणजे शकुनचा निर्णयही आपला असे मानतात. म्हणून हे मृत्युपत्र.

तो हात सतीचा आहे, हे मी मान्य करते आणि लिहून देते. मी चुकले होते. शास्त्रीबोवांचे म्हणणे खरे निघाले. पण हात कोणाचा हे कळले म्हणून हाताचे म्हणणे काय हेही कळले, असे होत नाही. शास्त्रीबोवा म्हणतात, तो आशीर्वादाचा हात. असेल. मग मी एवढेच सांगते की आशीर्वादाला वर केलेला हात, समोर कोण येऊन उभे राहिले ते पाहून खाली येत नाही. त्या दिवशी शकुन त्याच्यासमोर उभी होती. तो वरच होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

ती गेली. कशी गेली ते तिचे तिला ठाऊक. मला तिच्याविषयी इतका आदर आणि इतके दुःख एकदम वाटते की शब्द सापडत नाही, वामनरावांनीही शोधू नये. पण आपण गेलो तसे मागच्यांनीही जावे, निदान जगताना मेल्यासारखे राहावे, असे तिने कुठे कोरून ठेवलेले नाही. मी खालपर्यंत खणून पाहिले आहे.

गोवर्धनला हे सगळे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आमच्या पातूरच्या लेण्यात कोन देव व्हता कोनाले माईत. आमी पावसात तठी बसतो. उठतानी हात जोडतो." मला वाटते, एवढे पुरे.

कलम सातवे. दगड मी भगवंतरावांना देते. शब्द दिला होता तो पाळते. मात्र देईन असे म्हटले होते, कसा देईन ते म्हटले नव्हते. तर असा देते.

देवळाला चहूकडून भिंत घालू नये. छप्पर करावे, खांब करावेत, पण वेचणीला जाणाऱ्या कोणत्याही जातीच्या बाईला येऊन हाताला कापूस बांधता आला पाहिजे. शास्त्रीबोवांनी सती म्हणावे, तानुबाईने सीतामाय म्हणावे, मोजणीवाल्याला चुना फासायचा तर त्यानेही फासावा. एकाने दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवू नये. दगड सगळ्यांना पुरून उरला आहे.

दगड उचलण्याआधी भगवंतरावांनी पंचांपुढे उभे राहून शकुनच्या पाटाला आपली हरकत नाही असे म्हणावे. आणि पुढे आमच्या घरात कोणीही, त्या दगडाचे नाव घेऊन, कोणत्याही विधवेला अडवू नये.

दगड देवळात उभा राहिला की पहिली पूजा शकुनने करावी. पाट लागल्यावर, हातात हिरवा चुडा भरून, शेजारी गोवर्धनला बसवून. भगवंतरावांनी तबक धरावे.

हे मान्य नसेल तर दगड पुन्हा त्याच खड्ड्यात, कमरेइतका, जसा होता तसा उभा करून माती लोटावी आणि वावराबरोबर तो शकुनचा राहील. ती बाई पुन्हा मातीत जाईल. तिला मातीची सवय आहे. माझ्या सुनेला नाही.

कलम आठवे. माझे दहन नदीकाठी करावे, फार लाकूड जाळू नये, आणि वेचणीचे दिवस असतील तर वेचणी थांबवू नये. माझ्या नावाचा दगड उभा करू नये. वामनराव विचारतात, का? उद्या माझ्यावरही कोणी शास्त्री बोलावतील.

हे मृत्युपत्र मी वाचून घेतले, समजले, माझ्याच मनातले आहे. मुक्काम सावरखेड, मिती मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, शके १७८६, रक्ताक्षी नाम संवत्सर, इसवी सन १८६४.

निशाणी बांगडी, मनकर्णा, हस्ते स्वतः

साक्षीदार
महादेवराव, गावचे पंच, निशाणी नांगर
तानुबाई, वेचणाऱ्या बायांची म्होरकी, निशाणी बोंड

मान्यता देणार
भगवंतराव, निशाणी नांगर

लिहिणार वामनराव कुलकर्णी. बाईंच्या आज्ञेवरून, समक्ष घडले ते खाली जोडतो.

आमच्या भागात ज्याला लिहिता येत नाही तो कुणबी सहीला नांगर काढतो, बाई बांगडी काढते. तानुबाईंनी यापूर्वी कागदावर काही काढले नव्हते. त्यांनी बोंड काढले, ते मी तसेच राहू दिले. भगवंतराव बोलावल्यावरून आले. सातवे कलम त्यांनी दोनदा वाचून घेतले. आईविषयीचा मजकूर काढता येईल का असे विचारले. बाई म्हणाल्या, "येते. मंग दगडबी काढून घेईन." शकुन दाराआड उभी होती. मग भगवंतरावांनी लेखणी मागितली. अलीकडे ते कागदावर देशमुखांसारखी कट्यार काढीत असत. आज त्यांनी लेखणी कागदावर टेकून थोडा वेळ धरली आणि नांगर काढला.

लेखणी परत करून ते उठले. उंबऱ्यापाशी थांबले आणि दाराआडच्या शकुनकडे न पाहता म्हणाले, "चुडा म्या आनतो. माह्या घरातून पोट्टी जाते, मोकळ्या हातानं नाई जानार."